खुर्चीवर जेवणारा कुत्रा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आरंभशूर आहेत. सव्वीस वर्षांत मी त्यांना बासरी शिकताना पाहिलं, पोहायला शिकताना पाहिलं, पहाटे पळताना पाहिलं आणि एकदा गच्चीवर मधमाशा पाळतानाही पाहिलं. बासरीचे सातांपैकी चार सूर आले. पाण्यावर त्यांना तरंगता येतं, पुढे सरकता येत नाही. नवे बूट चावले म्हणून पळणं थांबलं. मधमाशा तेवढ्या शहाण्या, त्या आपणहून निघून गेल्या.

हा माणूस आमच्या कारखान्यात आहे तो ताईबरोबर आला म्हणून. कारखाना वडिलांचा, खुर्च्यांचा. खाली कारखाना, वर दोन खोल्या. वर ताई आणि दाजी राहतात, मी मागच्या गल्लीत. लाकूड मी बघतो, गाद्या दाजी शिवतात. शिवतात म्हणजे तीन बाजू शिवतात. चौथी बाजू उघडी, आतला काथ्या बाहेर डोकावतोय आणि दाभण तिथेच खोचलेलं, अशा गाद्यांची चळत त्यांच्या कोपऱ्यात कायम असते. का, तर म्हणे, बैठकीवर बसवून बघू, मग शिवू. कधी म्हणायचे, मेहुणे, ही बैठक जराशी तिरकी वाटते. बैठक माझी, चाळीस वर्षं खुर्च्या करणाऱ्या माणसाची, आणि ती तिरकी. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्यांना महिन्यातून एकदा तरी सुनावायचो. ते हसायचे. त्या हसण्याचाही मला राग यायचा, कारण अपमान झाला की माणसाने निदान तोंड तरी पाडावं.

तर या गृहस्थांनी कुत्रा आणला. तोही धड नव्हे.

सोडून दिलेल्या जनावरांना सांभाळणारी एक संस्था आहे. तिच्या दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलावरचं रेक्झिन फाटलं होतं. दाजी माप घ्यायला गेले आणि तीन तासांनी माप न घेता परत आले. ताईने विचारलं तर सांगू लागले की तिथे एक लहानसा कुत्रा आहे, त्याला कुणी नेत नाही. ताई म्हणाली, कुणी नेत नाही त्याला काहीतरी कारण असेल. कारण होतं. त्या कुत्र्याची अन्ननलिका जन्मापासून सैल. तुमची-माझी नळी घास ढकलत पोटात नेते, याची नुसतीच लोंबते. चार पायांवर उभं राहून खाल्लं की घास वाटेतच पडून राहतो, मग उलटून येतो, आणि चुकून फुप्फुसात गेला की न्यूमोनिया. म्हणून याला माणसासारखं ताठ बसवून भरवायचं आणि खाऊन झाल्यावर वीस मिनिटं तसंच ताठ ठेवायचं. दिवसातून चार वेळा, जन्मभर. जे काम करायला घड्याळ, धीर आणि चिकाटी लागते, नेमकं तेच आमच्या दाजींनी पसंत केलं.

आठवड्याभरात कुत्रा आला. वजन चार किलोच्या आत, रंग भिजलेल्या पोत्याचा, एक कान उभा, एक पडलेला. सोबत संस्थेच्या बाई आल्या. या बाईंच्या दोन्ही खिशांत पेन आणि हातात सतत एक फॉर्म. दोन घरांनी कुत्रा नेऊन परत आणून दिला होता, त्यामुळे त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता आणि तो उडाल्याचं त्या लपवत नव्हत्या. पंचेचाळीस दिवस पाहणार, म्हणाल्या. तेवढ्यात सांभाळणाऱ्याच्या हलगर्जीपणाने फुप्फुस बिघडलं तर कुत्रा परत. ताईने विचारलं, परत म्हणजे नंतर काय? बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. तिसऱ्यांदा परत आलेल्या, हातात धरून भरवाव्या लागणाऱ्या कुत्र्याला चौथं घर मिळत नाही, आमच्याकडे तेवढे हात नाहीत, डॉक्टर इंजेक्शन देतील आणि तो झोपेल. दाजींनी फॉर्मवर सही केली. सही मात्र त्यांनी पूर्ण केली, एवढं मला आठवतं.

मग ते माझ्याकडे कागद घेऊन आले. ताठ बसायला कुत्र्याला खुर्ची हवी होती, आणि जनावरांच्या डॉक्टरने तिचं चित्र काढून दिलं होतं. चित्रात कुत्रा कुठला आणि खुर्ची कुठली हेच कळत नव्हतं, बाजूला एक उभी रेघ होती आणि रेघेखाली काहीतरी खरडलेलं. मी म्हटलं, आता सुया टोचणारा माणूस मला खुर्ची शिकवणार. कागद सरसाच्या डब्याखाली गेला. खुर्ची मात्र मी केली, आणि उगाच खोटं कशाला बोलू, मन लावून केली. सागाचे उरलेले तुकडे काढले, कडा गोल केल्या, पुढे ताट ठेवायला फळी, छातीवरून पट्टा जायला खाच. पाठीसाठी वडिलांचा फर्मा घेतला. हा फर्मा म्हणजे प्लायवूडची कापून ठेवलेली आकृती. आमच्या प्रत्येक खुर्चीची पाठ तिच्यावरूनच आखतात. वडील म्हणायचे, सरळ पाठीची खुर्ची म्हणजे शिक्षा, पाठ किंचित मागे रेललेली हवी, बसणाऱ्याला वाटलं पाहिजे की मागून कुणीतरी धरलंय. त्यावरून मी निम्म्या आकाराचा लहान फर्मा कापला. एवढीशी खुर्ची, पण सांधा असा की नख घालायला जागा नाही. दाजींनी गादी केली. चौथी बाजू अर्थातच उघडी.

कुत्रा खुर्चीत बसला की पुढचे दोन्ही पाय फळीवर ठेवायचा, समोरच्यांकडे आळीपाळीने बघायचा आणि कुणाचंच ऐकायचा नाही. मी त्याला अध्यक्ष म्हणू लागलो आणि तेच नाव पडलं. शेजारपाजारचे जेवणाच्या वेळी वर जाऊन बघून यायचे. समोरच्या इस्त्रीवाल्याने तर आपल्या सासूला आणलं. सगळे दाजींचं कौतुक करायचे, केवढं मन, केवढी माया. खुर्चीकडे कुणी बघत नव्हतं. लोकांना काम दिसत नाही, कामापुढे डोळे पुसणारा माणूस दिसतो.

नवव्या दिवशी अध्यक्षांना खोकला लागला. संध्याकाळपर्यंत ताप. दाजी त्याला शर्टात घालून दवाखान्यात पळाले. फुप्फुसात अन्न गेलं होतं. तीन दिवस नळीतून हवा, सुया, औषधं. वाचला, पण वजन घटलं आणि उभा असलेला कानही पडला.

सोमवारी बाई चौकशीला कारखान्यात आल्या. दाजी भिंतीशी उभे, कुत्रा खांद्यावर, औषधाने गुंगलेला. बाईंनी विचारलं, काय झालं असेल? मी रंधा मारत होतो. मला कुणी विचारलं नव्हतं, पण न विचारता बोलणं हा आमच्या घराण्याचा गुण आहे. मी म्हटलं, झालं काय असणार, वीस मिनिटं धरायचं होतं, यांनी बाराव्याला सोडलं असेल. या माणसाने आजवर एक गादी चारी बाजूंनी शिवलेली नाही, बाई. आता सांगतील, खुर्चीच तिरकी होती. नाचता येईना अंगण वाकडं.

बाई हसल्या. पहिल्यांदाच. मला वाटलं, चला, एक तरी शहाणं माणूस भेटलं.

दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "असेल. माझ्याकडूनच राहिलं असेल."

बाईंनी फॉर्मवर लिहिलं, कारण, सांभाळणाऱ्याचा हलगर्जीपणा. औषधाचा कोर्स शुक्रवारी संपतो, तोवर हलवायला नको, शनिवारी अकरा वाजता न्यायला येते, असं म्हणून त्या गेल्या. दाजी जिना चढून वर गेले. मी रंधा मारत राहिलो. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं. एक कटकट गेली, आणि मी सव्वीस वर्षं म्हणत होतो ते कागदावर आलं.

गुरुवारी दुपारी मी वर गेलो. रंगेहाथ पकडायचं म्हणून गेलो, दुसरं काही नाही. कारखान्यातलं गजराचं घड्याळ सोबत घेतलं. ताई दारातच म्हणाली, "घड्याळ कशाला आणलंस? इथे चार आहेत." खरंच होती. स्वयंपाकाच्या ओट्यावर, खिडकीत, आरशाखाली, आणि एक दाजींच्या गळ्यात दोरीला बांधलेलं.

अध्यक्षांचं जेवण चालू होतं. मऊ लगद्याचे सुपारीएवढे गोळे दाजी एकेक करून भरवत होते. प्रत्येक गोळ्यानंतर थांबायचे आणि कुत्र्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून वाट बघायचे. शेवटचा गोळा गेला आणि गळ्यातलं घड्याळ त्यांनी सुरू केलं. मी माझंही सुरू केलं. पाच झाली, दहा झाली. बाराव्या मिनिटाला मी मुद्दाम म्हटलं, पुरे आता, चांगला बसलाय. दाजींनी मान हलवली. विसाव्या मिनिटालाही उठले नाहीत. बावीस झाल्यावर पट्टा सोडला.

त्यांनी कुत्र्याला उचललं तेव्हा खुर्चीचे मागचे पाय मला दिसले. दोन्हींखाली पाचरी होत्या. माझ्याच कचऱ्यातले सागाचे तुकडे, उतरते तासलेले, वरून रेक्झिन शिवलेलं. चारी बाजूंनी शिवलेलं. मागचे पाय उचलल्याने बैठक पुढे उतरली होती, कुत्रा घसरला असता, म्हणून गादीत पुढच्या अंगाला काथ्या जास्त भरला होता. त्यासाठी चौथी बाजू उघडी लागते, हे मला त्या वेळी समजलं.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"पाठ मागे जात होती. रेलला की घास नळीच्या मागच्या बाजूला पडून राहायचा. खांद्यावर घेतला की काही उलटत नव्हतं, खुर्चीत बसवला की उलटायचं. मंगळवारी ओळंब्याची दोरी सोडून बघितली."

"मंगळवारी? मग मला का नाही सांगितलंत?"

दाजी कुत्र्याचं तोंड पुसत होते. आवाज जरासुद्धा चढला नाही. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही वाद घातला असता. वाद संपेपर्यंत शनिवार आला असता. याला दिवसातून चार वेळा जेवायचं असतं, मेहुणे. पाचर मारणं सोपं."

मी म्हटलं, निदान बाईंना सांगायचं. यावर ताई बोलली. इतका वेळ ती पाठमोरी भांडी विसळत होती. "सांगितलं की. मंगळवारीच फोन केला. बाई म्हणाल्या, तुमचे मेहुणे म्हणालेच होते तुम्ही हे सांगाल म्हणून. ते काय ते तुझं अंगण, तेच ऐकवलं त्यांनी. आणि फोन ठेवला."

मी घड्याळ उचललं आणि खाली आलो.

खाली येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्वतःची समजूत घातली. फर्मा वडिलांचा. चूक असलीच तर वडिलांची. मग सरसाचा डबा उचलला. कागद चिकटला होता, तरी वाचता येत होतं. उभ्या रेघेखाली लिहिलं होतं, पाठ अगदी सरळ, मागे अजिबात नको. त्या सुया टोचणाऱ्याने एकच गोष्ट सांगितली होती, आणि ती एकच गोष्ट मी डब्याखाली ठेवली होती. लहान केलेला फर्मा काढला, त्याला लोखंडी गुण्या लावला, ज्याने आम्ही काटकोन तपासतो तो. वरच्या टोकाला तीन बोटं फरक. माणसाला आराम पडावा म्हणून सोडलेली तीन बोटं. कुत्र्याला आराम नको होता, जेवण उतरायला हवं होतं. मी त्याला इतकी सुंदर खुर्ची करून दिली होती की तो तिच्यात मेला असता.

अंगण खरोखर वाकडं होतं, आणि ते मी रंधून, पॉलिश करून दिलं होतं.

मग त्याच गुण्याने मला स्वस्थ बसू दिलं नाही. गिऱ्हाइकाकडे जायला तयार असलेल्या सहा खुर्च्या ओळीने उभ्या होत्या. एकेकीच्या बैठकीला तो लावत गेलो. चार गुण्यात होत्या. दोन नव्हत्या. डाव्या कोपऱ्यात सूतभर खाली. दाजींच्या कोपऱ्यातल्या गाद्या आणून ठेवल्या तर नेमक्या दोन गाद्यांत डाव्या कोपऱ्याला काथ्या जास्त होता. माझी खुर्ची कधी डुगडुगली नाही, बसणाऱ्याला कधी कलल्यासारखं वाटलं नाही, गिऱ्हाइकं माझ्या हाताचं नाव घेत आली. सव्वीस वर्षं तो माणूस माझ्या सूतभर चुका काथ्याने भरत होता आणि मी त्याला आळशी म्हणत होतो. मला त्याचा भयंकर राग आला. असं कुणी गुपचूप झाकत राहिलं तर माणसाने सुधारायचं कसं? पण हा राग फार वेळ टिकला नाही, कारण जराशी तिरकी वाटते हे तो दर महिन्याला तोंडाने सांगत होता.

सोपा रस्ता होता. गप्प बसायचं. शनिवारी बाई येतील, कुत्रा जाईल, फॉर्मवर दाजींचं नाव आहेच. चाळीस वर्षं मुरलेल्या सुताराला खुर्ची जमली नाही, हे इस्त्रीवाल्याच्या सासूलाही कळणार नाही. मी हा रस्ता चांगला तासभर न्याहाळला, हे कबूल करतो. एका चार किलोच्या, उलट्या करणाऱ्या, कुणालाच नको असलेल्या जनावरासाठी स्वतःच्या नावाला बट्टा लावायचा की नाही, याचा विचार करत मी स्टुलावर बसलो होतो, आणि मला स्वतःइतका क्षुद्र माणूस त्या कारखान्यात दुसरा दिसला नाही. दाजीसुद्धा नाही.

शुक्रवारी नवी खुर्ची केली. दिसायला अगदी भिकार. पाठ फळीसारखी सरळ, फर्म्याशी काही संबंध नाही. वडिलांनी बघितली असती तर मला त्याच खुर्चीत बसवून शिक्षा केली असती. दाजींकडे दिली. त्यांनी उलटसुलट करून बघितली, बैठकीला हात लावला आणि म्हणाले, गादी उद्या सकाळी बसवतो. आभार मानले नाहीत. मीही माफी मागितली नाही.

शनिवारी अकराला पाच कमी असताना बाई तारेचा पिंजरा घेऊन आल्या. अध्यक्षांची अकराची जेवणाची वेळ, म्हणून दाजींनी त्याला नव्या खुर्चीसकट खाली आणलं होतं. गादी अजून सुटीच होती, आणि ती बसल्याशिवाय पट्टा आवळता येत नव्हता, म्हणून ताईने कुत्र्याला धरून ठेवलं होतं. बाईंनी पिंजऱ्याचं दार उघडलं. मी जुनी खुर्ची बाकावर ठेवली आणि तिला गुण्या लावला.

"बाई, ही मी केली," मी म्हटलं. "आणि चुकीची केली. डॉक्टरने सरळ लिहिलं होतं, मी वाचलं नाही. कुत्रा आजारी पडला तो या तीन बोटांमुळे. यांनी एकदाही लवकर सोडलेलं नाही."

बाई गुण्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "मग त्या दिवशी तसं का बोललात?"

"बोलायची सवय आहे. बघायची नव्हती."

त्यांचा विश्वास बसला असं नाही. अशा बायकांचा एका दमात बसत नाही, आणि बसूही नये. म्हणाल्या, एक जेवण माझ्यासमोर होऊ दे. दाजींनी भरवलं, एक गोळा, गळ्यावर दोन बोटं, पुन्हा एक गोळा. बाई हातातल्या घड्याळासकट शेजारी उभ्या. शेवटचा गोळा गेला आणि दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "मेहुणे, याला धरा जरा ताठ. तेवढ्यात गादी बसवून घेतो."

मी कुत्रा घेतला. छातीशी उभा धरला, एक हात मागच्या पायांखाली, एक मानेमागे, अंगठा गळ्यावर. चार किलो म्हणजे काय, मी सागाचे ओंडके उचललेत. पाचव्या मिनिटाला नाकाला खाज सुटली. आठव्याला दंड भरून आला. कुत्रा माझ्या हनुवटीखाली गरम श्वास सोडत होता आणि त्याच्या गळ्यातून काहीतरी सावकाश खाली उतरताना माझ्या अंगठ्याला लागत होतं. बाराव्या मिनिटाला, नेमक्या बाराव्याला, मला सोडावंसं वाटलं. बाई घड्याळ बघत होत्या. ताई मला बघत होती. मी हलत नव्हतो, पण घामाने शर्ट भिजला होता. समोर दाजी जमिनीवर बसून चौथी बाजू शिवत होते. बैठकीवर गादी दाबायची, कोपरा बोटाने चाचपायचा, एक टाका. घाई नाही. माझ्याकडे लक्षही नाही.

विसाव्या मिनिटाला बाई म्हणाल्या, झाली. कुत्रा खोकला नाही. त्यांनी फॉर्म काढला, हलगर्जीपणा या शब्दावर आडवी रेघ मारली आणि पेन तसंच धरून मला विचारलं, "कारण रिकामं ठेवता येत नाही. काय लिहू?"

"लिहा, सुतार."

त्यांनी खरंच तसं लिहिलं आणि रिकाम्या पिंजऱ्याचं दार लावून घेतलं. दाजींनी शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला आणि माझ्या हातातून कुत्रा काढून घेतला.